सुतारपक्षी विरुद्ध रेडा

शुक्रवार, ६ नोव्हेंबर १९९८. शारजा, आमचा फ्लॅट, जेवणानंतर. हजर: आमचे हे (पंच), आमची ऋता, वय अकरा (पंच), समोरच्या फ्लॅटमधले नायर (पंच), दळवी आणि टिपण घ्यायला मी. विषय: सुतारपक्षी विरुद्ध रेडा.

दळवी माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगतात. पहिल्या भेटीत नमस्कार करायच्या आधीच मला म्हणाले, "एकसष्ट, वैनी. चपला धरून." मला राग आला. घरी येऊन काट्यावर उभी राहिले. एकसष्ट. चपला धरून.

त्यांचा धंदाच तो. हमरिया फ्री झोनच्या गेटवर ट्रक तोलायचा काटा आहे, तिथे ते बसतात. भरलेला ट्रक तोलायचा, मग रिकामा तोलायचा. रिकाम्याचं वजन, म्हणजे टेअर, वजा केलं की उरला तो माल. हीच रीत ते बोलण्यालाही लावतात. कुणी पाल्हाळ लावलं की हात वर करून म्हणतात, "टेअर काढून बोला." एकदा ते मॅनेजरलाही म्हणाले. त्याला मराठी येत नव्हतं म्हणून निभावलं.

त्यांचं वेड मात्र बॉक्सिंगचं. दुबईच्या देरा भागातल्या एका दुकानातून ते जुन्या लढतींच्या कॅसेटी आणतात. चॅम्पियनांची इंग्रजी नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून सगळ्यांची त्यांनी बारशी केली आहेत. टुकटुक मारत राहणारा एक्कावन्न किलोंचा तो सुतारपक्षी. लांब हातांचा तो बगळा. अंगावर चालून येणारा हेवीवेट तो रेडा. कोण कुठल्या काळातला, कुठल्या वजनगटातला, याला महत्त्व नाही. दळवी दोघांनाही त्रैराशिकानं त्रेसष्ट किलोंवर आणतात. हातांची लांबी, पायांचा वेग, सगळं त्याच हिशेबात. गणित काट्याच्या पावतीच्या पाठीवर.

दर शुक्रवारी एक लढत. टीपॉय बाजूला सरकवायचं, मी पातेल्याच्या झाकणावर डाव आपटला की पहिली फेरी सुरू. दोन्ही बाजूंनी दळवीच लढतात, पायमोज्यांवर. तीन फेऱ्या, तीन पंच, मग निकाल. जोड्या कुठून सुचतात विचारलं तर म्हणत, "येतात गावाकडनं." मला ती थट्टा वाटायची. मी वहीत रकाने आखले होते: तारीख, जोडी, फेऱ्या, निकाल. लढती सदतीस.

त्या शुक्रवारी दळवींनी जोडी सांगितली आणि ते उभेच राहिले नाहीत.

"अहो दळवी," हे म्हणाले, "आज काय मांडायचंय त्यात? रेडा त्या पाखरावर नुसता बसला तरी खलास!"

"अंकल, दॅट्स नॉट फेअर," ऋता म्हणाली. "ही इज सो स्मॉल!"

नायर हसले. "दलवी भाई, आज तो नॉकआउट दे दो. एक बार."

"आज निकाल नको," दळवी म्हणाले.

अर्धवट काम मला खपत नाही. मी वही उघडली, निकालाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं. "भाऊजी, सदतीस लढती झाल्या. सगळे निकाल गुणांवर नाहीतर बरोबरी. एकही माणूस आडवा कसा पडला नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. नायर दुपारच्या ड्युटीला गेले, हे आत आडवे झाले, ऋता टीव्हीकडे गेली. मी कपबशा आवरत होते. दळवींनी खिशातून एक पत्र काढून ओट्यावर ठेवलं.

"जोड्या हा पाठवतो, वैनी. यशवंत."

यशवंत त्यांच्या गावचा, कणकवलीकडचा. दोघं एकाच पलटणीत भरती झाले. बॉक्सिंग यशवंत करायचा, दळवी वजनाच्या काट्यावर असायचे. एका वर्षी पलटणीतल्या त्यांच्या तुकडीकडे वरच्या गटात उतरवायला माणूस नव्हता, आणि माणूस नाही म्हणजे कप गेला. यशवंत भरपूर पाणी पिऊन काट्यावर चढला. तरी गटाला अडीच किलो कमीच. काट्याकडे पाठ करून त्यानं विचारलं, "भरलं ना रे?"

"मी म्हटलं, भरलं," दळवी म्हणाले. "आणि कागदावर तसंच लिहिलं."

दुसऱ्या फेरीत यशवंत पडला. उठला तो आठ दिवसांनी. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आता घरी असतो. दळवी त्याला बॉक्सरांचे फोटो धाडतात. तो डाव्या हाताचं बोट दोन फोटोंवर ठेवतो, बहीण पत्रात जोडी कळवते, शुक्रवारी ती इथे लढली जाते आणि निकाल टपालानं कणकवलीला जातो.

"त्याला मी पडलेला माणूस कसा लिहून पाठवू?"

पत्रात बहिणीच्या अक्षरात ही जोडी होती. तिच्या खाली डाव्या हातानं काढलेले वेडेवाकडे दोन शब्द: खरं सांग.

"तो लढतीचं विचारत नाहीये, वैनी."

"कळलं," मी म्हणाले.

डोळे पुसायला मी रुमाल शोधला नाही. कोरा कागद आणि पेन शोधलं. सोमवारी आमच्या ऑफिसातला एक जण रजेवर सिंधुदुर्गात निघाला होता, त्याच्याजवळ पत्र द्यायचं ठरवलं. दळवींचं अक्षर त्यांनाच लागत नाही, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. अडीच ओळींत झालं. त्या माणसानं आयुष्यात एवढं टेअर काढून कधी सांगितलं नसेल. शेवटची ओळ होती, "त्या दिवशी काट्यावर तुझं वजन भरलं" आणि पुढे आकडा.

मी पेन त्यांच्यापुढे केलं. "आकडा तुम्ही लिहा. तुमच्या हातचा हवा."

त्यांनी पेन घेतलं. हात मांडीला पुसला, पुन्हा पुसला. कागदावर टोक टेकवलं. खाली त्यांच्या कंपनीच्या पिकअपचा हॉर्न वाजला.

"पुढच्या शुक्रवारी, वैनी. इन्शाल्ला." पायांत बूट अडकवून ते निघालेसुद्धा.

सोमवारी तो माणूस गेला. पुढच्या शुक्रवारी दळवी आले, जेवले, ऋताला तिचं वजन सांगितलं, चौतीस, आणि लवकर उठले. नंतरच्या शुक्रवारीही तसंच. मी पत्राचा विषय काढला नाही. कागद पाण्याच्या तांब्याशेजारी त्यांना दिसेलसा ठेवते. त्यावर पत्ता घातला आहे, तिकिटं चिकटवली आहेत. आकडा भरायचा आहे.