टाकी काही भरेना

पेट्रोलपंपावरच्या माणसाने नळी गाडीत घातली, खटका दाबला, आणि लगेच 'टक' असा आवाज होऊन पेट्रोल थांबलं. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा टक. काकूंच्या मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि त्यातल्या एकाने हॉर्नवर ठेवलेला हात उचलायचं नावच काढलं नव्हतं. आणखी चार-पाचदा टकटक झाल्यावर पंपवाल्याने टाकी भरल्याचं जाहीर करून टाकलं. काकूंनी काट्याकडे पाहिलं. काटा होता तिथेच, तळाला पडून होता.

"अहो, रिकामी आहे ती," काकू म्हणाल्या.

"नळी म्हणतेय भरली. मी काय तिच्याशी भांडू?" पंपवाला म्हणाला आणि पुढच्या गाडीला हात केला.

शनिवार तोंडावर आला होता. त्यांची धाकटी बहीण डोंगरापलीकडे नव्या घरात राहायला गेली होती आणि शनिवारी काकू तिच्याकडे जाणार होत्या. स्वतः गाडी चालवत, एकट्या. गाडी त्या अलीकडेच शिकल्या होत्या, केस पांढरे झाल्यावर, आणि एवढ्या लांब अजून कधी गेल्या नव्हत्या. त्यांचे यजमान दातांचे निवृत्त डॉक्टर. जन्मभर लोकांना तोंड उघडं ठेवायला सांगून बोलत राहिल्यामुळे समोरचा माणूस उत्तरही देऊ शकतो, हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. त्यांनी या बेताला एकच अट घातली होती. गाडीत जराशी जरी खोट निघाली, तर काकूंनी बसने जायचं आणि गाडी विकून टाकायची. त्यांचा भाचा गिऱ्हाईक घेऊन तयारच बसला होता. गाडी ठणठणीत होती, म्हणून काकूंनी बिनधास्त हो म्हटलं होतं.

आणि आता टाकी भरेना. त्यात परत येताना समोरच्या तबकडीवर एक पिवळा दिवाही लागला. डॉक्टरांनी गाडीला हातही न लावता निदान केलं. काकू गिअर आपटून टाकतात, त्याचा हा परिणाम. गिअरचा आणि टाकीचा संबंध काय, असं काकूंनी विचारलं, तेव्हा सगळं आतून जोडलेलं असतं, एवढंच सांगून ते गाडीच्या शेडकडे गेले. तिथे त्यांना काम होतं.

हे काम म्हणजे भोकं बुजवणं. दवाखाना बंद केला तेव्हा दातांत भरायच्या सिमेंटचा एक डबा आणि त्यात कालवायच्या पाण्याची बाटली घरी आली होती, आणि डॉक्टरांच्या हातांना स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. उघडं भोक दिसलं की त्यात आज ना उद्या कीड जाणार, हे त्यांचं आयुष्याचं सार होतं. बेसिनचा टवका, दाराची फट, भिंतीतली खिळ्यांची भोकं, सगळं त्यांनी गुळगुळीत करून टाकलं. जुन्या कपाटाचं कुलूपही भरलं, त्यामुळे काकूंची चांगली चादर कायमची आत राहिली. शेडमध्ये तर त्यांनी आघाडीच उघडली होती. तिथे कुंभारमाश्या यायच्या आणि दिसेल त्या भोकात चिखलाची घरं बांधायच्या. डॉक्टर त्यांच्या आधी पोचायचे.

काकू गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेल्या. तिथल्या मेकॅनिकला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण पाना हातात घेण्याआधी तो व्याख्यान देई. त्याने टाकीचं झाकण फिरवलं, तशी गाडीने फुस्स करून हवा आत ओढली. प्रोफेसर खूश झाला. झाकण खराब, दुसरं काही नाही, असं सांगून त्याने नवं झाकण बसवलं. काकू थेट पंपावर गेल्या. टक.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरने गाडीला आपला छोटा संगणक जोडला आणि नवं व्याख्यान दिलं. पेट्रोलची वाफ बाहेर सांडू नये म्हणून गाडीत कोळशाची एक डबी असते, ती वाफ पिऊन घेते. त्या डबीला श्वास घ्यायला एक झडप असते. ती झडप बंद होऊन अडकली की टाकीतली हवा बाहेर जात नाही, मग पेट्रोल आत शिरणार कुठून.

"म्हणजे ती गुदमरतेय?" काकूंनी विचारलं.

"अगदी. तुम्हाला पटकन समजलं, काकू. झडप बदलली की मोकळी होईल."

झडप काढल्यावर त्याने तिला बॅटरीची तार लावून पाहिली. ती छान टक करून मिटली, तार काढल्यावर टक करून उघडली. फुंकर मारली तर ती आरपार गेली. म्हणजे झडप धडधाकट होती. प्रोफेसरला हा स्वतःचा अपमान वाटला. आत्ता नाटक करतेय, गाडीत गेली की अडकत असणार, असं म्हणून त्याने नवी झडप घातलीच. काकू पुन्हा पंपावर गेल्या. त्यांना लांबून येताना पाहूनच पंपवाला चहा प्यायला निघून गेला. दुसऱ्या एका भल्या माणसाने नळी लावली. टक.

असा शुक्रवार उजाडला. सकाळीच डॉक्टरांनी भाच्याला फोन केला आणि गिऱ्हाईकाला संध्याकाळी घेऊन ये म्हणून सांगितलं. त्यांनी भरलेली बॅग उघडली, बहिणीसाठी विणलेला स्वेटर बाहेर काढला आणि उगाच पुन्हा घडी घालून ठेवला. बसने जाता आलं असतं, बहीण काही पळून जात नव्हती. पण त्या वळणांच्या रस्त्यावर स्टिअरिंग आपल्या हातात असेल, याची स्वप्नं त्यांनी दोन महिने पाहिली होती. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, पण राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

गाडी गॅरेजमध्ये होती, ती घ्यायला दोघंही गेली. डॉक्टरांना पाहताच प्रोफेसरने तोंडावर फडकं धरलं. एकदा तो दाढ दाखवायला त्यांच्या खुर्चीत बसला होता आणि गाडीचे दिवे चालू राहिलेत म्हणून जो बाहेर पडला, तो परत आलाच नव्हता.

"दाढ कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रोफेसर उत्तर न देता लगबगीने गाडीखाली सरकला. त्याला एकच जागा बघायची राहिली होती. झडपेपासून एक रबरी नळी मागच्या चाकाजवळ येते, तिच्यातूनच हवा आत-बाहेर करते. त्याने ती नळी सोडवून बाहेर आणली, एक टोक तोंडात धरलं आणि फुंकलं. त्याचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, कान लाल झाले. हवा काही पलीकडे जाईना. त्याने दुसरं टोक उजेडात धरलं. आत पांढरंशुभ्र, टणक काहीतरी बसलं होतं.

"हे बघा, काकू. कुणीतरी रंगाऱ्याची लांबी थापलीय यात. एकदम फालतू काम. आत्ता निघेल."

त्याने पेचकस घालून टोचलं. निघेना. पकडीने ओढलं. पकड घसरली. मग त्याने हातोडी घेतली. डॉक्टर एव्हाना एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागले होते.

"फालतू काम असतं तर निघालं असतं," ते म्हणाले.

"चुकून बसलं असेल घट्ट."

"चुकून? आत खाचा पाडल्यात. दोन थरांत भरलंय. चाळीस वर्षांत माझं एकही—" एवढं बोलून डॉक्टर थांबले.

प्रोफेसरच्या हातातली हातोडी गळून पडली आणि तेही त्याच्या ध्यानात आलं नाही. काकूंनी नवऱ्याकडे सावकाश पाहिलं.

"तुम्ही भरलंत हे?"

"शेडमध्ये वाकलो होतो. चाकामागे उघडं भोक दिसलं. माशी घिरट्या घालत होती. मी आपलं..." त्यांनी हाताने कालवल्यासारखं करून दाखवलं. "नंतर डोक्यातूनच गेलं. दिवसाला किती भोकं होतात, सगळी कुठे लक्षात राहणार."

"आणि मी गिअर आपटते."

काकूंनी आणखी एकच प्रश्न विचारला, तोही आवाज न चढवता. "मुद्दाम केलंत का?"

"मुद्दाम नाही गं, शपथ." डॉक्टरांनी बुटाच्या टोकाने जमिनीवरचा एक नट बाजूला सारला. "पण गाडी अडली, तेव्हा वाईटही वाटलं नाही. त्या घाटात तू एकटी. आणि इथे घरात मी एकटा."

काकूंचा राग निम्मा तिथेच उतरला. उरलेला निम्मा त्यांनी जपून ठेवला, कारण एवढा हक्काचा राग रोज मिळत नाही. प्रोफेसर म्हणाला की नळीचं टोक कापून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. हे ऐकून डॉक्टर ताठ झाले. कापणं कुणालाही जमतं, असं म्हणून ते घरी गेले आणि आपलं जुनं कोरायचं मशीन घेऊन आले. मग नळी शिकंज्यात धरून, चष्मा कपाळावरून नाकावर आणून, त्यांनी स्वतःचंच काम कण कण करून कोरून काढलं. काकूंनी बॅटरीचा उजेड धरला. प्रोफेसर आधी लांब उभा होता, मग हळूहळू जवळ आला. शेवटचा तुकडा निघाल्यावर त्याने नळीतून फुंकर मारली. ती आरपार गेली.

"डॉक्टर," तो फडकं न धरता म्हणाला, "एवढं पक्कं बसवता तुम्ही? मग ती माझी दाढ बघाल का एकदा?"

त्या संध्याकाळी पंपावर नळी लावली ती काठोकाठ भरेपर्यंत बोलली नाही. पिवळा दिवा प्रोफेसरने आधीच विझवला होता. भाचा गिऱ्हाईक घेऊन आला, त्याला डॉक्टरांनी स्वतःच फाटकातून परत पाठवलं आणि कारण काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी काकूंनी बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि शेजारच्या सीटवर सिमेंटचा डबा ठेवला. येईपर्यंत घराला काही होऊ नये म्हणून डबा बरोबर नेतेय, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. गाडी वळणाआड गेल्यावरही ते बराच वेळ फाटकाशी उभे राहिले. पोचल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी दिवा लागला का ते विचारलं, मग घाट कसा होता ते विचारलं. घाटाचं वर्णन काकूंनी इतकं लांबवलं की त्यांना मध्ये एक शब्दही बोलता आला नाही, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

मग ते शेडमध्ये गेले. दाराच्या कडीशेजारी एक नवं भोक पडलं होतं आणि त्यात एक कुंभारमाशी चिखलाची गोळी घेऊन शिरत होती. डॉक्टरांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि परत आला. माशी बाहेर आली, त्यांच्यासमोर क्षणभर घोंघावली आणि आणखी चिखल आणायला निघून गेली. डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि तिच्या येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून, बाजूला बसून राहिले.