नळाची उंची

माणसाला काय हवं आहे ते त्याचं त्याला बरोबर कळतं; ते कोणत्या रकान्यात हवं आहे, हे मात्र कुणीतरी शिकवावं लागतं.

शाळेची नवी इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा हे शिकवायला एक आवश्यकता-अधिकारी नेमले गेले. सज्जन गृहस्थ, त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. त्यांच्याआधी ज्याला जे सुचेल ते तो चिठोऱ्यावर लिहून देई, आणि गवंडी ते वाचून तसं करूनही टाकी. इतका अनाचार माजला होता. अधिकाऱ्यांनी साचा घालून दिला: एका आवश्यकतेला एक वाक्य, वाक्यात एक क्रियापद, आणि शब्द मंजूर कोशातलेच. कोशात एकशे बारा शब्द होते. ('पाणी' सत्त्याण्णवावा.)

बालवर्गाच्या बाईंचं मागणं एवढंसं होतं. जुन्या इमारतीत नळ उंच होता. चार वर्षांची पोरं पाणी मागायला लाजत आणि सुकल्या तोंडाने घरी जात. बाईंनी लिहिलं, 'नळ लहान मुलांच्या हाताला लागावा.'

कागद परत आला. 'लहान' हा शब्द मोघम होता. अधिकाऱ्यांनी बाईंना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि मायेने विचारलं, "लहान म्हणजे केवढं, बाई?"

बाईंनी उभं राहून कमरेशी तळहात आडवा धरला. "एवढं."

"हात नोंदवता येत नाही हो," अधिकारी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

तेव्हा 'लहान' गेलं. मग 'मुलं' गेली, कारण शाळेत मुलं, शिक्षक, शिपाई, पालक असे नाना प्रकारचे लोक येतात, आणि प्रत्येकाला वेगळा शब्द दिला तर कोशात एकवाक्यता ती काय राहणार? कोशाप्रमाणे ते सगळे 'वापरकर्ता' होते. वापरकर्त्याची उंची पाच फूट चार इंच. (बांधकाम समितीच्या सातही सदस्यांना भिंतीशी उभं करून सरासरी काढली होती, काम हवेत केलेलं नव्हतं.) सहाव्या खेपेला वाक्य असं उतरलं: 'वापरकर्त्याचा हात नळापर्यंत पोचेल.' क्रमांक चारशे सतरा. वाक्य इतकं नेटकं झालं होतं, की बाईंनी ते दोनदा वाचलं आणि समाधानाने सही केली.

नळ साडेचार फुटांवर बसला. तपासणीत समितीचे सातही हात तिथवर पोचले.

मग बाई एकतीस मुलांना दिवसातून तीन वेळा उचलून पाणी पाजू लागल्या. महिन्याभरात कंबर धरली, तशी त्यांनी घरून एक स्टूल आणून ठेवलं. चार दिवस सगळी पोरं आपापल्या हाताने पाणी प्याली. पाचव्या दिवशी स्टूल उचललं गेलं, कारण ती कुठल्याही आवश्यकतेतून न उद्भवलेली वस्तू होती.

बाई शेवटी अधिकाऱ्यांकडे गेल्या. म्हणाल्या, "साहेब, नळ खाली घ्या नाहीतर स्टूल परत द्या. पोरं तहानलेली राहतात."

अधिकाऱ्यांनी दोन दिवस विचार करून लेखी उत्तर दिलं. मूल वर्षाला सुमारे अडीच इंच वाढतं. तूट पंधरा इंचांची आहे. सबब सहा वर्षांत आवश्यकता आपोआप पूर्ण होईल. स्थितीच्या रकान्यात 'अपूर्ण' खोडून 'प्रगतिपथावर' लिहिण्यात आलं. (दरवर्षी नवी मुलं येतात, हा स्वतंत्र मुद्दा असून त्याला अद्याप क्रमांक पडलेला नाही.)

बाईंनी पदर खोचला आणि रांगेतल्या पहिल्या पोरीला उचललं.

अधिकाऱ्यांचा हिशेब चुकीचा म्हणावा, तर तसंही नाही. आपण सगळे याच पद्धतीने नळापर्यंत पोचलो आहोत; आणि आपला हात ज्या दिवशी पोचला, त्या दिवसानंतर नळ उंच असल्याची तक्रार आपल्यापैकी एकानेही केलेली नाही.