बाकाच्या दुसऱ्या टोकाला

आमच्या इमारतीची लिफ्ट मधेच अडकली, की खाली जमलेले लोक आधी विचारतात, "आत भोईरकाका आहेत का?" असतील, तर त्यांच्याबरोबर कोण अडकलंय त्याची कीव करतात. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी चाळीस मिनिटं त्यांच्याबरोबर आत होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मुंग्यांवरचं जाडजूड पुस्तक होतं आणि ते आठ दिवसांत वाचायचं त्यांनी कबूल केलं होतं.

जनार्दन भोईर चौथ्या मजल्यावर राहतात, आम्ही सहाव्या. वय सत्तरच्या पुढं, अंगकाठी सडपातळ. तीस वर्षं वायरमन म्हणून विजेच्या खांबांवर चढल्यामुळे माणसाकडे बघताना अजून मान जरा वर करून बघतात. बायको वारली, मुलगी नाशिकला असते. मूळचे खाडीकाठच्या एका गावातले, भातशेतीवाले. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेऊन राहिल्याला बरीच वर्षं झाली, पण बोलण्यातला गाव गेलेला नाही.

काका लोकांना पुस्तकं वाचायला लावतात. पुस्तकाचं नाव ते कधीच सांगत नाहीत. 'झोपेचं', 'नकाशांचं', 'शून्याचं' एवढंच. कुणाला कोणतं द्यायचं याचा त्यांचा स्वतःचा हिशेब असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राचीला दहावीच्या वर्षी त्यांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी केलेल्या चुकांचं पुस्तक दिलं. तिची आई वैतागली, पण प्राची म्हणते त्यानंतर तिची गणिताची भीती कमी झाली. पहिल्या मजल्यावरच्या शाहबेन म्हणाल्या, "काका, मला मराठी वाचता येत नाही." काकांनी दुसऱ्या दिवशी हिंदी पुस्तक आणलं. हिंदीही जमत नाही म्हटल्यावर वसईतूनच, कुठून कोण जाणे, गुजराती शोधून आणलं. मग मात्र शाहबेननी हार मानली.

पुस्तक दिल्यावर बरोबर आठव्या दिवशी बेल वाजते. वाचलं का, आवडलं का, असलं ते काही विचारत नाहीत. सोफ्यावर टेकतात आणि म्हणतात, "हां, कुठं अडलात?"

माझ्या नवऱ्याला, महेशला, सतत घाई असते, म्हणून त्याला 'घड्याळांचं' मिळालं होतं. त्यानं ते उघडलंही नव्हतं. तो म्हणाला, "छान होतं काका."

"छान तर आंबा पन असतो," काका म्हणाले. "अडलात कुठं?"

महेश टीव्हीचा रिमोट शोधायला लागला.

"पुस्तकात कुठंतरी मानूस अडायला पायजे. वाटलं पायजे, का हे असं कसं? नायतर नुसती पानं उलटली." आणि पुस्तक तिथंच ठेवून ते उठले. "पुढच्या रविवारी येतो."

पुढचे दोन रविवार महेश काकांची चाहूल लागताच आंघोळीला गेला. काका बाहेर चहा घेत बसून राहिले. तिसऱ्या रविवारी तो नाइलाजानं पुस्तक घेऊन बसला, आणि दुपारी जेवताना अचानक म्हणाला, "पूर्वी प्रत्येक गावाची वेळ वेगळी होती, माहितीये? आपल्या डोक्यावर सूर्य आला की आपले बारा. ते बदलायचं कुणी ठरवलं? आपल्याला विचारलं होतं?" तो खरोखर चिडला होता. संध्याकाळी काकांशी त्यानं दीड तास वाद घातला. जाताना काकांच्या चेहऱ्यावर खांबावरची वायर जोडून खाली उतरलेल्या माणसाचं समाधान होतं.

मला वाटायचं, हा निवृत्त माणसाचा छंद. वेळ जात नाही, म्हणून लोकांच्या मागे लागतात.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका सकाळी आले. हातात कापडी पिशवी होती. आज ते बसले नाहीत.

"ताई, एक काम व्हतं. हे 'भरती-ओहोटीचं' हाय. आमच्या गावात माझा मोठा भाऊ राहतो, काशिनाथ. त्याला नेऊन द्यायचं."

मी म्हटलं, "तुम्हीच का नाही जात? रिक्षानं अर्धा तास."

काका दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "आमचं बोलनं नाय."

मी त्यांना आत बसवलं. त्यांनी सांगितलं ते असं. गावच्या घरामागं विहिरीकडे जाणारी एक वाट होती, दोघांच्या हिश्श्यांच्या मधून. ती कुणाची यावरून वडील गेल्यावर भांडण झालं आणि प्रकरण वसईच्या कोर्टात गेलं. चौदा वर्षं चाललं. कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला दादूस, म्हणजे मोठा भाऊ. पुकारा होईपर्यंत दिवस जायचा.

"दादूसला वाचायचा नाद. मला तर पेपर पन वाचायचा कंटाळा. तो आपला पुस्तक काढून बसायचा. वाचता वाचता मधीच थांबायचा, वर बघत बसायचा. कधी एकटाच हसायचा. मला वाटायचं, काय असंल त्याच्यात? विचारनार कसा? मग मी कव्हर बघून ठेवायचो, आनि जाताना वाचनालयातून तेच पुस्तक घ्यायचो."

"तुम्ही दादांची पुस्तकं वाचायचात?"

"चौदा वर्षं. तो वाचंल ते. तो कुठं थांबला असंल, कशाला हसला असंल, ते हुडकत बसायचो." काकांनी पिशवीची कड सारखी केली. "निकाल माझ्या बाजूनं लागला. वाट मला मिळाली. त्या वाटेनं मी एकदा पन गेलो नाय. आनि कोर्ट संपलं तसा बाक पन संपला. आता तो काय वाचतो, मला कळत नाय."

दर वर्षी ते कुणाच्या तरी हाती एक पुस्तक गावी पाठवायचे. आधीची काही वर्षं पुस्तक तिकडेच राहायचं. निरोप यायचा नाही, पण परतही यायचं नाही, आणि काकांना तेवढं पुरायचं. गेली चार वर्षं मात्र वहिनी दोन दिवसांत पुस्तक परत पाठवत होत्या, न उघडलेलं.

"मग आता कशाला पाठवताय?"

"तो घेत नाय हे त्याचं झालं," काका म्हणाले. "मी पाठवनार."

मी गेले. गावात घर सापडायला वेळ लागला नाही. काशिनाथदादा ओटीवर खुर्चीत बसले होते. काकांसारखाच चेहरा, फक्त जास्त भरलेला. मी कोण, कुणाकडून आले ते सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. पुस्तक घेतलं, त्यावरून तळवा फिरवला, उघडलं आणि डोळ्यांसमोर धरलं. दाराशी वहिनी येऊन उभ्या राहिल्या.

पुस्तक उलटं होतं.

ते कसं सांगावं ते मला कळेना. शेवटी मी हळूच म्हटलं, "दादा, उलटं आहे."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "चार वर्षं झाली. साखरेनं नेले डोळे. उजेड दिसतो, अक्षर नाय दिसत." आणि लगेच, "जनूला सांगायचं नाय."

"का?"

"वाट जिंकली त्यानं. आता डोळे गेले म्हनून दया करायला यायला नको."

मी उठून निघाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण इतकी वर्षं काकांच्या शेजारात राहून थोडा हट्ट माझ्यातही आला असावा. मी पुस्तक घेतलं, ओटीच्या कडेला बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. चंद्र पाणी ओढतो हे माणसाला कसं सुचलं, कुणाला ते पटलं नाही, कोण कुणावर हसलं. त्यांनी मला थांबवलं नाही. चौथ्या पानावर ते म्हणाले, "थांबा," आणि खाडीच्या दिशेनं तोंड करून बसले. थोड्या वेळानं विचारलं, "हे जनूनं वाचलंय?"

"वाचल्याशिवाय ते कुणाला देत नाहीत."

"त्याला पटलं का हे?"

"ते मला नाही सांगता यायचं," मी म्हटलं. "तुम्ही त्यांनाच विचारा."

"तो यायचा नाय."

"बोलावलंत तर?"

दादांनी तोंड पुन्हा खाडीकडे वळवलं. तेव्हा इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "ताई, त्याला सांगा डोळ्याचं. मी सांगतेय म्हनून सांगा. चार वर्षं पुस्तकं परत पाठवून माझा हात दुखला. आनि म्हनावं, वयनीनं बोलावलंय."

मी दादांकडे पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत.

परत येऊन मी काकांना सगळं सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं तेव्हा ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती. "चार वर्षं," ते म्हणाले. "आनि मला वाटलं तो रागावलाय." मी तिथं थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. सकाळी आठ वाजता काका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात हजर होते. एकट्यानं जायचा धीर होत नव्हता, पण तसं ते बोलले नाहीत. "तुमाला घर माहीत हाय," एवढंच म्हणाले. ज्या घरात ते जन्मले, ते घर.

आम्ही ओटीवर पोचलो. काका उभे, दादा बसलेले. वहिनींनी आतून दुसरी खुर्ची आणून दादांच्या खुर्चीला लागूनच ठेवली. काका बसले. चष्मा लावला, पुस्तक उघडलं, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. घाई इतकी होती की दुसऱ्याच ओळीत शब्द गळाला.

"हळू वाच," दादा म्हणाले. "मी कुठं पळून जात नाय."

मग काका हळू वाचू लागले. दुसऱ्या पानाशी दादा म्हणाले, हे चूक आहे, आपल्या खाडीत पाणी असं चढत नाही. काका म्हणाले, चढतं, तू नीट बघितलं नाहीस. दोघांचे आवाज वाढले. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, आणि कपबशा हातात तशाच धरून ऐकत उभ्या राहिल्या.

रिक्षावाला रस्त्यावरून हॉर्न वाजवत होता. मी काकांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी पानावरचं बोट न उचलता मान वर केली.

"ताई, तुमी जा," ते म्हणाले. "मला उशीर व्हईल."