मैफलीला आलेला टँकर

सभागृह कसं भरायचं, हे या शहरात एकाच माणसाला कळतं. तो माणूस मी! व्यंकटराव. बँकेतून निवृत्त आणि आमच्या गारखेड्यातल्या जलमित्र मंडळाचा अध्यक्ष.

दुष्काळाचा उन्हाळा होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि ते आलं की लोक लग्नाच्या पंगतीतून उठून घरी पळायचे. आमच्या कॉलनीमागं एक जुनी विहीर आहे. भोवतीचं शेत गेलं, इमारती उठल्या आणि ज्यानं त्यानं आपला राडारोडा तिच्यात ढकलला. पावसाळ्याआधी ती उपसली तर अख्ख्या भागाची सोय होणार होती. मंडळाचे चाळीसही सभासद तयार होते. पण चाळीस जणांत मिळून धड गुडघे जेमतेम सहा!

"नवीन माणसं हवीत," मी जाहीर केलं. "विहिरीसाठी गाण्याची मैफल करू! गाण्याला कोण येत नाही?"

"अहो, तीच चाळीस डोकी येतील," आमची सौभाग्यवती प्रमोदिनी भाजी निवडता निवडता म्हणाली. "व्याख्यानाला तीच होती, प्रदर्शनालाही तीच होती."

"बघशील! उभं राहायला जागा उरणार नाही!"

गाणार होती प्रमोदिनीची भाची चारुता. क्रांती चौकात फलक लावला, रिक्षातून भोंगा फिरवला. अडचण एकच, सभागृहाच्या टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. हात्तिच्या! मी टँकर सांगून मोकळा झालो.

शनिवारी संध्याकाळी पडद्याआडून डोकावलो. चाळीस! खुर्च्यासुद्धा ज्याच्या त्याच्या नेहमीच्याच. पहिल्या रांगेतून मंडळाचे जुने सभासद काकासाहेब यांनी मला हात केला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

चारुता तानपुरा लावत होती, तेवढ्यात बाहेर गलका झाला. धावत गेटवर गेलो, तर माणसंच माणसं! नवीन माणसं!

"या, या!" मी हात जोडले. "मागच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत!"

माझ्याकडं कुणी बघेना. सगळ्यांच्या हातात हंडे, कळशा, रंगाचे रिकामे डबे! चौकातून माझा टँकर वळला तेव्हापासून मंडळी त्याच्या मागं लागली होती. टँकर कुणाचा, हे आमच्याकडं नंतर विचारतात. आधी रांगेत हंडा ठेवतात.

"साब, पानी किधर छोडू?" ड्रायव्हर कचरू ओरडला.

"थांब! हा कार्यक्रमाचा टँकर आहे!" मी आडवा झालो. "आत दुष्काळाच्या मदतीचा कार्यक्रम आहे!"

पहिल्या हंड्याची मालकीण पदर खोचून पुढं आली. पलीकडच्या पत्र्याच्या वस्तीतली दगडाबाई.

"म्हंजी दुष्काळाच्या कार्यक्रमाला पाणी पायजे, अन् दुष्काळाला नाय व्हय?"

मी कचरूला अडवायला वळतोय तोवर त्यानं पाइप सोडलासुद्धा. धारेचा आवाज आत गेला आणि माझे चाळीस उठले! ज्या गुडघ्यांना विहीर झेपत नव्हती, ते गुडघे पळत बाहेर आले. काकासाहेब तर चहाचं पातेलं घेऊन रांगेत! सभागृहात उरली एकटी चारुता.

"काका, आता मी कुणासाठी गाऊ?"

"ज्यांनी ऐकायला हवं ते सगळे बाहेर आहेत. चल!"

मग मात्र मी पेटलो. माइक गेटवर आणला, चारुताला टँकरच्या पायरीवर उभं केलं. काय गायली पोरगी! रांगेतली भांडणं थांबली. एका बाईचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिला पत्ता नाही! दोन गाण्यांच्या मध्ये मी विहिरीवर भाषण ठोकलं आणि उद्या सकाळी सगळ्यांना बोलावलं.

"गाणं लई झाक," दगडाबाई म्हणाली. "पर ती हीर कुठंशी हाय ते सांगा. टँकरच्या मागं पळून पळून पाय गेले आमचे."

रविवारी मी विहिरीवर गेलो. आणि आले हो! दगडाबाई, तिची वस्ती, नव्या इमारतींतली तरुण मंडळी, घमेली, दोर, फावडी! सगळी नवीन माणसं! खरं सांगतो, अभिमानानं डोळे भरून आले. दिवस डोक्यावर येईपर्यंत राडारोडा निघाला आणि तळाला ओल लागली. दगडाबाईनं ओल्या गाळाचा गोळा आणून माझ्या हातावर ठेवला.

"घ्या. पाणी हाय."

"बघितलंस?" मी प्रमोदिनीकडं वळलो. "गाण्याला नवीन माणसं येतात!"

"गाण्याला? टँकरला!" घमेलं पुढं देत ती म्हणाली. "आणि तुमचे चाळीस जण कुठं आहेत?"

खरंच की! मी काकासाहेबांना फोन लावला.

"हळू बोला," ते कुजबुजले. "नाट्यगृहात आहोत सगळे. दुष्काळासाठी सकाळची मैफल आहे. नवीन कुणी नाही, आपलेच सगळे. तुमची खुर्ची धरून ठेवलीय!"

मी गपकन फोन बंद केला. त्या मैफलीचा पास माझ्या कालच्या सदऱ्याच्या खिशात होता. पाण्याअभावी सदरा धुवायला पडला नव्हता आणि पास प्रमोदिनीच्या हाती लागला नव्हता, एवढंच माझं नशीब!