वहिनीसाहेबांची बारा मिनिटं

थोर माणसं जिथे पाऊल ठेवतात तिथे इतिहास घडतो, आणि इतिहास घडला की तिथे कुलूप लागतं.

साहेबांच्या पत्नी, म्हणजे वहिनीसाहेब, यांनी एकवीस वर्षं साहेबांच्या डावीकडे उभं राहण्याचं मोलाचं सार्वजनिक कार्य केलं. (उजवीकडे फुलदाणी असे.) त्या वारल्यावर स्मारक करायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की त्या आयुष्यात एकट्या अशा एकाच ठिकाणी गेल्या होत्या: बक्षीस समारंभाच्या दिवशी, मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहात. शाळेत मुली चारशे बारा, चालू स्वच्छतागृह तेवढं एकच. पण स्मारक म्हणजे स्मारक. कुलूप लागलं.

मग वाद पेटला. साहेबांच्या पक्षाच्या मते, वहिनीसाहेबांनी सदर वापराद्वारे सर्वसामान्यांशी नाळ जोडली. विरोधकांच्या मते, त्यांनी फक्त हात धुतले. चौकशी समिती बसली. सतरा वेळा बसली. (मुख्याध्यापकांच्या खोलीत. तिला लागून वेगळी सोय आहे.)

इकडे नववीच्या मॉनिटरने शाळेत पाणी पिणंच सोडलं होतं. वर्गातल्या तिघी घरी बसल्या, एक तापाने फणफणली. शेवटी मॉनिटरने सफाईवाल्या मावशींना गाठलं.

"मावशी, त्या दिवशी दाराशी तुम्हीच होतात ना?"

"होते की! बारा मिनिटं आत होत्या बाई. मी विचारलं, बरं नाही का? तर आतून म्हणाल्या, 'इथे कुणी फोटो काढत नाही गं, बसू दे जरा.' आणि निघताना म्हणाल्या, 'हे पोरींसाठी उघडं ठेवा.'"

"अहो, मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"मला कोण विचारतंय? समितीला चहा देते मी."

मॉनिटरने मावशींना हाताला धरून समितीपुढे उभं केलं. मावशी बोलल्या. अध्यक्षांना हुंदका आवरेना. दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मॉनिटरने आनंदाच्या भरात तिथल्या तिथे दोन ग्लास पाणी ढोसलं.

दुसऱ्याच दिवशी संगमरवरी फलक आला. सोनेरी अक्षरं: 'हे पोरींसाठी उघडं ठेवा.' फलक जरा रुंद निघाला, म्हणून बंद दार आणि चौकट मिळून आठ स्क्रूंनी पक्का बसवला.

अनावरण शनिवारी. भाषणं चार तास. तुम्ही येणारच, अशा कार्यक्रमांना तुम्ही येताच, आणि टाळ्याही अगदी मनापासून वाजवता. (मुख्याध्यापकांच्या खोलीची किल्ली मावशींकडे असते. शनिवारी ती सापडणार नाही.) स्वागताला मॉनिटर फाटकातच उभी असेल, हातात गार पाण्याचा जग घेऊन. माणशी दोन ग्लास. संपवल्याशिवाय ती कुणालाही आत सोडणार नाही.