पिकर्सगिल घराण्याची चौकशी

सिंगापुरात, बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कॉफी पिता पिता दिगंबरकाकांनी जावयाच्या खापरपणजोबाला पकडलं.

"अमेरिकेच्या शिरगणतीत हा सव्वीस वर्षांचा. दहा वर्षांनी पुन्हा मोजला तर तेहतीस. मधली तीन वर्षं कुठं गेली? मोहन, कुठंतरी पाणी मुरतंय."

काका सोलापूरच्या गिरणीत टाइमकीपर होते. हजेरीची कार्डं तपासून तपासून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. बायको गेल्यावर ते मुलीकडे, मेधाकडे, येऊन राहिले. मेधा माझ्या ऑफिसातली. तिचा नवरा ब्रायन पिकर्सगिल अमेरिकन. त्याचे पूर्वज इंग्लंडमधले विणकर, पोटासाठी अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत गेलेले. ब्रायनची आई हौसेने जुने कागद जमवायची आणि इमेलने पाठवायची. इकडे काका ते लाल पेनने तपासायचे.

लग्नाआधी घराण्याची चौकशी झालीच पाहिजे, हा काकांचा नियम. मेधाची दोन स्थळं त्या चौकशीतच मोडली होती. एका मुलाच्या मामाने तीनदा नोकरी बदलली म्हणून. मग मेधाने सिंगापुरातच रजिस्टर लग्न केलं आणि नंतर वडिलांना फोन केला. राहिलेली चौकशी काका आता करत होते.

त्या लग्नात साक्षीदार म्हणून सही मी केली होती. एका बापाला अंधारात ठेवून केलेली सही. ही गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, आणि तरीही दर रविवारी त्यांच्या पैशाची कॉफी पीत होतो.

हा खापरपणजोबा, जोसेफ पिकर्सगिल, सोळाव्या वर्षी 'विणकर' म्हणून नोंदलेला पाहून काका हसले होते. सोळाव्या वर्षी माग कोण हातात देतो? बदलीवर, कुणा गैरहजर कामगाराच्या जागी, असणार. जहाजावरून उतरतानाच्या यादीत एक बाळ जास्त निघालं. ते समुद्रातच जन्मल्याचं ब्रायनच्या आईने कळवलं, तर जहाजावर सुईण होती का, असं यांनी उलट विचारलं. ब्रायन नुसता सिंगापुरी ढंगात "ओके लाह, पापा" म्हणायचा. त्याच्या या गोडव्याचाही काकांना संशय होता.

एका रविवारी त्यांनी चर्चच्या लग्ननोंदीची प्रत माझ्यापुढे सरकवली. जोसेफ आणि हॅना. दोघांनी सहीऐवजी फुल्या मारलेल्या. त्यानंतर महिनाभरात दोघं जहाजावर चढलेली.

"हॅनाचा बाप त्याच गावात विणकर होता," काका म्हणाले. "साक्षीदार मात्र दोघंही गिरणीतले. बाप का नाही? कळवलंच नसेल?"

मी म्हणालो, "काका, मेधाच्या लग्नात साक्षीदार मी होतो."

"माहीत आहे. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्टिफिकेट बघितलं मी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू आपणहून सांगतोस का, ते बघत होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "साक्षीदाराला एकच विचारायचं होतं. तुझ्याशिवाय कुणाला विचारू? मेधाला विचारवत नाही. त्या दिवशी ती काय नेसली होती?"

"हिरवी इरकल. जांभळ्या काठांची."

"तिच्या आईची," काका म्हणाले. मग समोरच्या टेबलांकडे बघत विचारलं, "दिसत कशी होती?"