ओब्दुलियाचं आमंत्रण

"इमारत जळाली तरी चालेल!" दियोस्नेल काब्रालने तेरेरेच्या, म्हणजे गार पाल्याच्या चहाच्या, पेल्यातली नळी तोंडातून काढून जाहीर केलं. "पूर येऊ दे, वीज पडू दे, बैल घुसू दे! वीस मिनिटांत सगळं जसंच्या तसं उभं करून दाखवतो!"

हे आपण कुणापुढे बोलतोय, ते त्याने आधी नीट पाहायला हवं होतं. समोर रोतेलाबाई बसल्या होत्या. राजधानीहून, आसुनसियोनहून, तपासणीला आलेल्या. पाहुणचार म्हणून पुढे केलेला चिपा नावाचा चीजचा पावसुद्धा या बाईंनी आधी उलटा करून खालून पाहिला होता आणि मगच खाल्ला होता!

लोमा पिंदो गावच्या सहकारी संस्थेत दियोस्नेल हा एकमेव संगणकवाला. एकोणीसशे सभासदांचा सगळा कारभार त्याच्या खोलीतल्या एका लोखंडी पेटीत चालायचा. पेटी एकच, पण आत तीन बिऱ्हाडं. म्हणजे तीन आभासी मशीन्स. हायपरवायझर नावाचा घरमालक त्यांना जागा वाटून द्यायचा आणि प्रत्येकीला वाटायचं, अख्खा वाडा आपलाच! दियोस्नेलने त्यांना आपल्या तीन मावश्यांची नावं दिली होती. नोंदी सांभाळणारी रामोना, खिडकीवरची कामं करणारी पेत्रोना आणि सभासदांच्या फोनवर संदेश धाडणारी ओब्दुलिया. खरी ओब्दुलिया मावशीही तशीच. तिच्या कानात सकाळी काही घातलं, तर दुपारपर्यंत नदीपलीकडे पोचायचं.

"बॅकअप रोज घेता?" रोतेलाबाईंनी विचारलं.

"रोज! मी झोपलेला असतो तेव्हासुद्धा होतो. आपोआप."

"आणि तो परत उभा करून कधी पाहिलाय?"

दियोस्नेलने नळी पुन्हा तोंडात घातली. पेला केव्हाच रिकामा झाला होता, तरी तो बराच वेळ ओढत राहिला.

"नाही ना पाहिलाय? मग आत्ता दाखवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दियोस्नेल हुशार माणूस. त्याने ओब्दुलियाची निवड केली. खऱ्या ओब्दुलियाला हातही लावायचा नाही, बॅकअपमधून तिची जुळी बहीण शेजारी उभी करायची, बाईंना दाखवायची आणि पुसून टाकायची. काही बिघडलंच तर संदेशांचं बिघडेल, नोंदी शाबूत राहतील. त्याने ऐटीत बॅकअपची यादी उघडली.

यादीत एकच हिरवी ओळ होती. चौदा ऑगस्ट. तिच्या खाली थेट या एप्रिलपर्यंत सगळ्या लाल. जागा नाही. जागा नाही. जागा नाही. आठ महिने ती बिचारी पेटी रोज इमाने इतबारे ओरडत होती! ओरडा कुठे जात होता? खास इशाऱ्यांसाठी उघडलेल्या टपालपेटीत. ती दियोस्नेलने मोठ्या हौसेने उघडली होती आणि नंतर कधी ढुंकूनही पाहिली नव्हती.

आणि जागा कुणी खाल्ली? व्यवस्थापक डॉन एलादियोंच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस! चार कॅमेरे, अकरा तासांचं चित्रीकरण. "कुठेतरी सुरक्षित ठेव रे," असं डॉन एलादियो ऑगस्टमध्ये म्हणाले होते. दियोस्नेलला बॅकअपच्या डिस्कपेक्षा सुरक्षित जागा कुठली सुचणार?

त्याने हळूच खांदा पुढे काढून पडदा झाकला.

"अलीकडची प्रत घेताय ना?" बाईंनी मान लांब केली.

"मुरलेली घेतो, सिन्योरा. मुरलेली भरवशाची असते!"

आणि त्याने बटण दाबलं.

आता, जुनी प्रत जागी करताना तिची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी आधी तोडायची असते. फार काही नाही, एका चौकोनातली खूण काढायची. पण मानेवर रोतेलाबाईंचा श्वास पडत असताना माणसाला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ. खूण राहिली.

अकरा मिनिटांत ओब्दुलियाची जुळी उठून बसली. "बघा!" दियोस्नेल ओरडला. रोतेलाबाईंनी वहीत 'समाधानकारक' असं लिहिलं. दियोस्नेलला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

इकडे जुळीने डोळे चोळले. तिच्या हिशेबी चौदा ऑगस्टची संध्याकाळ होती. घड्याळ पाहिलं तर एप्रिल! पंधरा तारखेच्या सकाळचा एक संदेश पाठवायचा राहून गेलेला! कामसू बाई ती. तिने जराही वेळ न दवडता तो एकोणीसशे फोनांवर धाडून दिला.

पहिला फोन किणकिणला तो बाहेर खिडकीवर बसणाऱ्या लिब्राडाचा. तिने संदेश वाचला आणि तिचं डोकंच फिरलं. आसुनसियोनची बाई आली म्हणून डॉन एलादियोंनी मोठेपणा मिरवायला जेवण घातलंय, आणि नेहमीप्रमाणे तिला आधी एक शब्द सांगितला नाही, थेट सगळ्या गावाबरोबर फोनवर! ती तरातरा उठली आणि कोठारातले बाक अंगणात ओढू लागली.

दियोस्नेल छाती काढून बाहेर आला. "काय गं लिब्राडा, हे काय चाललंय?"

"मला काय विचारतोस? तुम्ही पुरुषांनी गुपचूप ठरवायचं आणि बाक आम्ही उचलायचे! मी काय इथली कुंडी आहे? कुणी काही सांगायचं नाही!"

अंगणात आज पाणी मारणार असतील, असं समजून दियोस्नेलने मुकाट्याने दुसरं टोक उचललं. लिब्राडाशी वाद घालण्यापेक्षा बाक हलका! अशा रीतीने त्याने आपल्याच फजितीसाठी अकरा बाक स्वतःच्या हाताने मांडले.

बाराला दहा मिनिटं असताना फाटकातून पहिलं कुटुंब आलं. मग तीन. मग मोटरसायकलींची रांग, बैलगाडी, ट्रॅक्टरच्या मागे उभे असलेले चौदा जण. प्रत्येकाच्या हातात ताट. ताटावर काटा आणि सुरी. पोरं ताटांवर चमचे बडवत होती.

डॉन एलादियोंनी खिडकीचा पडदा बाजूला केला आणि तो त्यांच्या हातातच राहिला.

"दियोस्नेल! अरे, भांडी घेऊन आलेत!"

त्या मुलखात लोक भांडी बडवत आले की कुणाची तरी खुर्ची गेलीच म्हणून समजावं. आणि डॉन एलादियोंच्या मनात चोर होता. तीन आठवड्यांपूर्वी अंगणातला आंबा तोडला गेला होता. चाळीस वर्षांचा, अर्धं गाव सावलीत घेणारा. "वाळवी लागली होती हो, आतून पार पोकळ!" असं ते भेटेल त्याला सांगत होते. आता त्या जागी त्यांची नवी मोटार उभी राहायची.

"सुऱ्या पण आणल्यात," ते पुटपुटले. "मी बोलतो त्यांच्याशी. माणसाने सामोरं जावं. तू माझ्या पुढे उभा राहा."

पायरीवर दोघं आले. ताटं थांबली. चारशे भुकेले डोळे डॉन एलादियोंच्या तोंडाकडे लागले.

"बंधूंनो!" त्यांचा आवाज फाटला. "तुम्ही का आलात ते मला ठाऊक आहे! मी काही लपवत नाही! आंबा मीच तोडला! वाळवी नव्हती! मला मोटार लावायला जागा हवी होती!"

कुठेतरी एक काटा ताटावर पडला.

"म्हणजे वाळवी नव्हती?" मागून कुणीतरी विचारलं.

"चांगलं धडधाकट झाड?" दुसरा.

"ते नंतर बघू," पुढच्या बाकावरून न्या इदालिना, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तशा इदालिनाआजी, म्हणाल्या. ऐंशीच्या पुढच्या, कानाने अधू, पण तोंडाने ठणठणीत. "मांस कुठे आहे?"

"कसलं मांस?" डॉन एलादियोंनी विचारलं.

न्या इदालिनांनी फडक्यात गुंडाळलेलं ताट मांडीवर ठेवलं, फोन काढला आणि दियोस्नेलच्या नाकासमोर धरला. "वाच. मोठ्याने वाच."

दियोस्नेलने वाचलं. "'आज दुपारी बारा वाजता संस्थेच्या अंगणात सर्व सभासदांना भाजलेल्या मांसाचं जेवण. ताट घरून आणावं, भूक पोटभर आणावी.'"

भूक पोटभर! हे वाक्य त्याचंच. गेल्या ऑगस्टमध्ये, संस्थेच्या वर्धापनदिनाला, स्वतःवर खूश होऊन लिहिलेलं!

डॉन एलादियो त्याच्या कानाशी लागले. "फोन कंपनीवर ढकल! लोकांना ते लगेच पटतं!"

ढकललं असतं तर खपलंही असतं. दियोस्नेलने तोंड उघडलंही. पण न्या इदालिनांच्या चपला धुळीने लाल झाल्या होत्या. त्या वयात, त्या उन्हात, तीन किलोमीटर चालत आल्या होत्या. आणि शेजारी रोतेलाबाई वही धरून उभ्या होत्या. त्याला एकदम कसंतरीच वाटलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "हा संदेश आठ महिन्यांपूर्वीचा आहे. मी जुनी प्रत जागी केली आणि तिला बाहेर बोलू दिलं. आणि सिन्योरा, ती मुरलेली वगैरे काही नव्हती. तेवढी एकच होती. ऑगस्टनंतर बॅकअप झालेलाच नाही."

रोतेलाबाईंनी शांतपणे 'समाधानकारक' वर काट मारली.

"म्हणजे मांस नाही," न्या इदालिनांनी सारांश काढला. मग त्या उठल्या आणि काठी डॉन एलादियोंच्या पोटाकडे रोखली. "हा माणूस आंब्याचं देणं लागतो. खाटकाकडून फासळ्या मागवा, याच्या नावावर! ज्यांच्या घरी मांडिओकाचे कंद आहेत त्यांनी पळा. आणि ते झाड कुठे आहे? फोडून मागे रचलंय ना? पेटवा!"

दोनशे माणसांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. फाटकातून कंदांची पोती येऊ लागली. कुणी संत्री आणली, कुणी गिटार. लिब्राडाने भल्यामोठ्या घमेल्यात कोशिंबीर कालवली आणि "या वेळी मला आधी सांगितलंत!" म्हणून ती चक्क हसली. डॉन एलादियो बाह्या सरसावून धुरात उभे राहिले आणि ज्याने त्याने ताट पुढे करताना त्यांना आंब्यावरून एकेक टोमणा मारला. त्यांनी तो प्रत्येक वेळी मुकाट्याने घेतला आणि त्याबदल्यात एक फासळी वाढली. रोतेलाबाईंनी आपली फासळी आधी उलटी करून पाहिली, मग दुसरी मागून घेतली.

"तुम्ही जेवत नाही?" त्यांनी दियोस्नेलला विचारलं.

"आधी बॅकअप, सिन्योरा!" तो करारीपणे म्हणाला आणि धुरात शिरला. "डॉन एलादियो, ती वाढदिवसाची फिल्म तिथून हलवावी लागेल."

डॉन एलादियोंनी डोळे पुसले. धुराने की कशाने, देव जाणे. "हलव बाबा. पण माझ्या बायकोला कळू देऊ नकोस. तिचा अजून सातवा तास पाहायचा राहिलाय."

दियोस्नेल आत गेला. जुळी ओब्दुलिया बंद केली. बंद करण्याआधी नाव तीनदा वाचलं. फिल्म दुसऱ्या डिस्कवर ढकलली, त्यातच दीड तास गेला. मग रामोना, मग पेत्रोना, मग ओब्दुलिया, एकेकीची प्रत घेतली. प्रत्येक प्रत पुन्हा उभी करून पाहिली, आणि या वेळी चौकोनातली खूण आठवणीने काढली. खिडकीतून असा वास येत होता की तोंडाला सुटलेलं पाणी कळफलकावर पडेल! पण पठ्ठ्या हलला नाही. चार वाजता यादीत तीन नव्या हिरव्या ओळी आल्या आणि त्याचा ऊर भरून आला. आयुष्यात त्याने इतकं नेटकं काम कधी केलं नव्हतं.

तो रिकामं ताट उंच धरून अंगणात धावत आला. "झाला! बॅकअप झाला! तिन्हींचा झाला!"

कुणी मान वळवली नाही. अख्खं अंगण जेवून वामकुक्षी घेत होतं. डॉन एलादियो आपल्या मोटारीच्या सावलीत घोरत होते आणि रोतेलाबाई वही तोंडावर ठेवून बाकावर आडव्या झाल्या होत्या. फक्त न्या इदालिनांनी एक डोळा उघडला आणि त्याच्या ताटाकडे पाहिलं.

"ओरडू नकोस रे बाळा. मांस तीन वाजताच संपलं."